स्लॅप बेसचा बाप एकच, लॅरी ग्रॅहम. पटत नसेल तर बोला

खर्जातला_सा

परवा तालमीनंतर चहाच्या टपरीवर आमच्यात जुंपली. आमचा पियानोवाला म्हणाला, "स्लॅप बेस शंभर वर्षं जुना आहे. ग्रॅहमने फक्त उचलला आणि अँपला जोडला." चहा गार झाला तरी भांडण मिटलं नाही, म्हणून हा धागा.

ज्यांचा या वाद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेस गिटारची जाड तार बोटाने छेडण्याऐवजी अंगठ्याच्या सांध्याचं हाड तिच्यावर आपटायचं. कुलपात किल्ली फिरवताना मनगट जसं फिरतं, तसं. तार गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांवर, म्हणजे फ्रेटवर, आदळते आणि 'ठप्' असा आवाज येतो. मग तर्जनी बारीक तारेखाली घालून ती बाहेर ओढायची आणि सोडून द्यायची: 'टक्'. ठप्-टक्, ठप्-टक्. सत्तरच्या दशकातलं निम्मं फंक, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं ठेक्यावर नाचवणारं संगीत, यावर उभं आहे.

आता गोष्ट. लॅरी ग्रॅहमचा जन्म १९४६चा, टेक्सासमधला, पण वाढला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये. आई डेल ग्रॅहम पियानो वाजवून गायची, पोरगा तिच्याबरोबर क्लबमध्ये गिटार वाजवायचा, सोबतीला एक ड्रमर. एका क्लबात ऑर्गन होता. हा गडी हाताने गिटार आणि पायाने ऑर्गनच्या खालच्या पट्ट्या दाबून खर्ज, असं एकदम करायचा. ऑर्गन बिघडला आणि खालची बाजू एकदम रिकामी वाटू लागली. म्हणून त्याने तात्पुरता एक बेस भाड्याने आणला, सेंट जॉर्ज नावाचा. ऑर्गन काही दुरुस्त झाला नाही. पुढे ड्रमरही राहिला नाही, उरले मायलेक. मग ड्रमची उणीव भरायला त्याने अंगठ्याने बेस ड्रमचा (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) ठोका आणि तर्जनीने स्नेअरचा (काडीने वाजवायचा चपटा ड्रम) फटका काढायला सुरुवात केली.

तात्पुरतं काम होतं, त्यामुळे 'योग्य' पद्धत शिकायच्या भानगडीत तो पडलाच नाही. एक बाई त्यांना नेहमी ऐकायला यायची. स्लाय स्टोन तेव्हा रेडिओवर निवेदक होता आणि स्वतःचा बँड जमवत होता. ती त्याचीही श्रोती होती. तिने रेडिओ स्टेशनला फोन करकरून 'या मुलाला ऐकायला या' म्हणून पिच्छा पुरवला. स्लाय आला, ग्रॅहमला बँडमध्ये घेतलं, आणि पुढे त्यांचं 'थँक यू (फलेटिनमी बी माइस एल्फ अगिन)' झालं. १९६९च्या शेवटी आलेलं हे गाणं फेब्रुवारी १९७०मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. त्याआधी कुणी इलेक्ट्रिक बेस असा वाजवून अख्ख्या देशाला ऐकवला असेल तर दाखवा.

तुतारी_ते_ट्रॉम्बोन

घ्या, दाखवतो. मात्र 'इलेक्ट्रिक' हा शब्द तुम्ही हळूच मध्ये सरकवलात, तो आधी बाहेर काढा.

न्यू ऑर्लिन्स, विसाव्या शतकाची सुरुवात. डबल बेसवाला, म्हणजे माणसाएवढं उंच, व्हायोलिनसारखं वाद्य उभं धरून वाजवणारा, भोवती कॉर्नेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन घेऊन उभा. माइक नाही, अँप नाही, तारा आतड्याच्या. बो (गज) घासला तर कुणाला ऐकू जाणार? मग तार फिंगरबोर्डपासून लांब खेचून सोडायची, ती लाकडावर 'चटाक' आपटते, आणि मधल्या जागेत उघड्या तळव्याची थाप. बिल जॉन्सन, पॉप्स फॉस्टर, स्टीव्ह ब्राउन, ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ बँडमधला वेलमन ब्रॉड, सगळे याच शाळेतले. बिल जॉन्सनचा बो मोडला म्हणून तो हाताने वाजवू लागला अशी एक दंतकथाही आहे. (ऑर्गन बिघडतो, बो मोडतो. बेसवाल्यांच्या दंतकथांमध्ये काहीतरी मोडावंच लागतं वाटतं.) १९३९मध्ये कॅब कॅलोवेच्या बँडबरोबर मिल्ट हिंटनने 'प्लकिन द बेस' ध्वनिमुद्रित केलं, ते ऐका आणि मग बाप ठरवा. त्या वर्षी तुमच्या ग्रॅहमच्या जन्माला सात वर्षं अवकाश होता.

खर्जातला_सा

ऐकलंय, आवडतंही. पण हातांकडे बघा ना साहेब. डबल बेसवर अंगठा कुठे काय मारतो? तिथे तार ओढून सोडतात आणि तळवा लाकडावर पडतो. इथे अंगठा वरून तारेवर पडतो. 'स्लॅप' हे नाव सारखं म्हणून नातं जोडायचं असेल तर चापट आणि चपटी हीसुद्धा सख्खी भावंडं. शिवाय ग्रॅहम स्वतः याला स्लॅप म्हणतच नाही. त्याचा शब्द 'थंपिन अँड प्लकिन'. नाव नंतर लोकांनी चिकटवलं आणि तुम्ही त्या नावावरून वंशावळ काढताय.

संबळवाला

तुणतुण्याचं काय? एक तार, खाली कातडं, ताल आणि सूर एकाच वाद्यातून. आपले शाहीर डफ-तुणतुण्यावर पोवाडे गात होते तेव्हा यांचं न्यू ऑर्लिन्स कुठे होतं?

मीरा_मंद्र

झालं यांचं तुणतुणं सुरू.

संबळवाला

ताई, हसा. पण मुद्दा गमतीचा नाही. तारेतून ठेका काढणं ही कल्पना जगात दहा ठिकाणी दहा लोकांना सुचलेली आहे. मग एकाच माणसाला बाप का करायचं?

मीरा_मंद्र

हे मान्य. आधी 'आपल्याकडूनच गेलं' म्हणणार असं वाटलं म्हणून चिमटा काढला. माफी.

बे_एरियावाली

मी नोकरीमुळे ओकलंडजवळच राहते, त्यामुळे ग्रॅहम इकडे घरचाच. तरी एक खोडा घालते. ती ऑर्गनची आणि ड्रमरची गोष्ट आपल्याला कुणाकडून कळते? खुद्द ग्रॅहमकडून. त्या क्लबातलं ध्वनिमुद्रण माझ्या तरी कानावर आलेलं नाही. तो खोटं बोलतो असं मी म्हणत नाही, पण एकच गोष्ट अनेक वर्षं सांगितली की तिच्या कडा घासून गुळगुळीत होतात. आणि आपल्याला अशी गोष्ट आवडतेच: गरीब पोरगा, आई, बिघडलेलं वाद्य. मला तुम्ही रेकॉर्डवर ऐकू येणाऱ्या गोष्टींवरून पटवा.

खर्जातला_सा

रेकॉर्डवरूनच बोलू. स्लायच्याच बँडचं 'एव्हरीडे पीपल', १९६८. पूर्ण गाणंभर बेस एकच सूर वाजवतो. एकच! सुरांत काही सांगायचंच नाहीये त्याला, तो ढोल झालाय. हेडफोन लावून फक्त तो आवाज ऐका. हा माणूस बेसकडे काय म्हणून बघतोय ते त्या एका सुरात कळतं.

तुतारी_ते_ट्रॉम्बोन

ढोल झालाय म्हणता? मग मेम्फिस, जुलै १९५४. सन स्टुडिओत तिघं: एल्व्हिस प्रेस्ली, गिटारवर स्कॉटी मूर, डबल बेसवर बिल ब्लॅक. 'दॅट्स ऑल राइट'. ड्रमर नाही. ड्रमचं काम कोण करतंय? बिल ब्लॅकच्या तारांचा चटाका. ड्रमर नाही म्हणून बेसवाल्याने ठोका घेतला, ही तुमची ओकलंडची गोष्ट मेम्फिसमध्ये आधीच घडून गेली होती, आणि ती रेकॉर्डवर आहे, मुलाखतीत नाही. तेव्हा ग्रॅहमला आठवं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. रेडिओ त्याच्याही घरी असेलच की.

बे_एरियावाली

हा दणका आवडला.

कॅसेट_काळातला

तुम्ही सगळे उगाच इतके मागे जाताय. स्लॅप जगभर पोचवला तो मायकल जॅक्सनने. 'बिली जीन'चा बेस विसरलात?

मीरा_मंद्र

दादा, 'बिली जीन'मध्ये स्लॅप नाही. वाजवणारा लुई जॉन्सन, म्हणजे स्लॅपचा दादा माणूस, टोपणनावच 'थंडर थंब्स'. म्हणून सगळ्यांची गफलत होते. त्याचा अंगठा ऐकायचाय तर ब्रदर्स जॉन्सनचं 'स्टॉम्प' लावा, १९८०चं.

आणि हात लागलाच आहे तर उलटंही सांगून टाकते: सगळं फंक म्हणजे स्लॅप नाही. जेम्स ब्राउनचं 'कोल्ड स्वेट' १९६७चं, त्यात अंगठा कुठेही नाही, तरी फंकच. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमर्सन तर एका तर्जनीवर वाजवायचा. माझ्याकडे येणारी पोरं पहिल्याच दिवशी 'मॅडम, स्लॅप शिकवा' म्हणतात. त्यांना अंगठा दिसतो. खरं काम डाव्या हाताचं असतं, तारा दाबून गप्प ठेवायचं. ते गप्प ठेवलेले, सूर नसलेले मेलेले ठोके काढून टाका, मग स्लॅप म्हणजे नुसती पत्र्यावर पडलेली भांडी.

वसईचा_बेसवाला

वादात पडायचं नव्हतं, पण राहवत नाही. २००९ची गोष्ट. नायगावात लग्नाची पार्टी होती. आमचा ड्रमर ड्रमसकट टेम्पोत, टेम्पो घोडबंदरला अडकलेला. हॉलमध्ये कीबोर्ड, दोन गिटार आणि मी. नवरा-नवरी दारात उभी. सुरू तर करायलाच हवं. पहिल्या गाण्यात मी नेहमीसारखा बोटांनी वाजवत होतो आणि मजलिस खुर्च्यांना चिकटून बसलेली. दुसऱ्या गाण्यात माझा हात आपोआप तारेवर मारायला लागला. देवाशपथ, ग्रॅहमचं नावही तेव्हा ऐकलं नव्हतं. अँप घरघरतोय, ई तार सैल पडतेय, पण मधल्या टेबलावरच्या दोन म्हाताऱ्या उठल्या ना नाचायला! दुसऱ्या दिवशी अंगठ्याच्या हाडावर द्राक्षाएवढा फोड. तेव्हा माझं म्हणणं, हे कुणी कुणाकडून घेत नाही. ड्रमर नसला की येतं.

तुतारी_ते_ट्रॉम्बोन

कीबोर्डवर रिदम नसतो का हो?

वसईचा_बेसवाला

होता ना. नवऱ्याच्या मामाने येऊन हात जोडले, म्हणाला ती टिकटिक आधी बंद करा.

तुतारी_ते_ट्रॉम्बोन

किस्सा फक्कड. पण तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केलात. ग्रॅहमचं नाव माहीत नव्हतं, पण तो आवाज? २००९पर्यंत जाहिराती, सिनेमाची गाणी, मालिकांचं संगीत यांतून तो तुमच्या कानात शंभरदा शिरलेला होता. हाताला वाटलं आपल्यालाच सुचलं. ग्रॅहमच्या हातालाही तसंच वाटलं असेल.

वसईचा_बेसवाला

असेल बुवा. फोड मात्र माझाच होता.

खर्जातला_सा

'असेल', 'असेलच की', 'वाटलं असेल'. तुतारीकाका, तुमची सगळी इमारत 'असेल'वर. ग्रॅहमने बिल ब्लॅक ऐकला आणि त्यातून हे उचललं, याचा एक तरी पुरावा?

तुतारी_ते_ट्रॉम्बोन

नाही. आणि नाही ऐकला याचा तुमच्याकडे?

संबळवाला

पॉपकॉर्न संपले, कुणी आणतंय का.

मीरा_मंद्र

दोघंही 'कुणी आधी मारलं' यावर अडून बसलाय. मारलं कुठे आणि कशासाठी ते बघा.

डबल बेसवरचा चटाका बहुतेक वेळा सुराला चिकटलेला असतो. सूर आणि त्याचा कडाका, मध्ये थाप, परत सूर. दुहेरी थाप, तिहेरी थाप, कितीही करा, सगळं मिळून एक घोडदौड होते. चालणारं एकच वाद्य. ग्रॅहमने हाताची वाटणी केली. अंगठा बेस ड्रम, तर्जनी स्नेअर. आणि तर्जनीचा 'टक्' कुठे पडतो? दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, जिथे ड्रमर स्नेअर मारतो. म्हणजे नुसता ठोका घेतला नाही, दोन ठोक्यांचा संवाद घेतला. तबलजीला विचारा: डग्गा नुसता घुमवणं वेगळं आणि डग्गा-चाट एकमेकांशी बोलायला लावणं वेगळं. बिल ब्लॅकचा बेस थोर आहे, पण तो वेगवान रेल्वे आहे. 'थँक यू'मधला बेस म्हणजे दोन माणसं.

वाद्याचाही भाग आहे. आतड्याच्या तारेला आणि लाकडाला हा भेद करता येत नाही, सगळे कडाके एकाच रंगाचे लागतात. धातूची तार, धातूचे फ्रेट आणि पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारं चुंबक) आल्यावर जाड तारेचा ठप् आणि बारीक तारेचा टक् हे दोन वेगळे आवाज झाले. म्हणून मी म्हणेन, चटाका न्यू ऑर्लिन्सचा, वाटणी ओकलंडची.

बे_एरियावाली

हे पटलं, कारण हे रेकॉर्डवर ऐकून तपासता येतं. ऑर्गन खरंच बिघडला होता की नाही याने आता फरक पडत नाही.

तुतारी_ते_ट्रॉम्बोन

मीराताईंचं नव्वद टक्के मान्य. 'एकाच रंगाचे' मान्य नाही. मिल्ट हिंटन परत ऐका, चांगल्या स्पीकरवर, फोनवर नव्हे. ओढलेल्या तारेचा आवाज आणि तळव्याचा आवाज आंधळ्यालाही वेगळे कळतील.

मीरा_मंद्र

ऐकलं आत्ता. थोडं मागे घेते. दोन रंग आहेत. पण दुसरा रंग सुराचा नाही, लाकडाचा आहे. ग्रॅहमचे दोन्ही सुरात आहेत.

तुतारी_ते_ट्रॉम्बोन

हं. यावर झोपून उठून बोलतो.

खर्जातला_सा

शीर्षक बदलणार नाही, आधीच सांगतो. पण काल तालमीला एक प्रयोग केला. ड्रमरला म्हटलं, दहा मिनिटं बाहेर जाऊन सिगरेट ओढून ये. आधी बिल ब्लॅकसारखं वाजवायचा प्रयत्न केला, बेस गिटारवर जमेल तितपत. मग ग्रॅहमसारखं. पियानोवाला पाठ करून बसला होता, मुद्दाम. पहिल्याला त्याचा पाय एकसारखा चारही मात्रांवर हलत होता. दुसऱ्याला पाय थांबला आणि मान हलायला लागली, दोन आणि चारवर.

वळून म्हणाला, "तरी शंभर वर्षं जुनंच आहे."

तेवढ्यात ड्रमर आत आला आणि विचारू लागला, मी नसताना कोण वाजवत होतं.