मदत हवी आहे: वणव्यानंतर उतारावरची माती पाणी पीत नाही

नमस्कार मंडळी,

मुळशीत डोंगरउतारावर आमची वीस गुंठे वरकस जमीन आहे. वरच्या अंगाला वडिलांनी लावलेली निलगिरी, मध्ये गवत, पायथ्याला भाताची खाचरं. मार्चमध्ये वणवा शिरला. गवत बघता बघता जळून गेलं, पण निलगिरीखालचा पाचोळा दोन दिवस धुमसत होता.

परवा वळीव पाऊण तास कोसळला. नंतर निलगिरीखाली उकरून पाहिलं, तर वर जेमतेम अर्धा इंच ओल आणि खाली पिठासारखी कोरडी माती! पाणी राख-माती घेऊन खाली आलं, एक ओघळ घोट्याएवढा खोल गेलाय. ज्या खाचरात तरवा (भाताची रोपं) टाकायचा, तिथेच काळा गाळ बसलाय. गवताच्या पट्ट्यात एवढं काही झालं नाही.

काल दोन्हीकडच्या कोरड्या मातीवर ड्रॉपरने थेंब टाकले. गवताकडे लगेच जिरले. निलगिरीखाली राख सारून दोन बोटं खालच्या मातीवर थेंब चार मिनिटं मोत्यासारखा बसून होता. पाच सेकंदांपेक्षा जास्त थांबला तर माती पाणी झिडकारते असं धरतात, म्हणे.

हे कायमचं आहे का? नांगर घालून थर फोडू का? मृग तोंडावर आलाय, जीव खालीवर होतोय.

उत्तर १

ताई, उतारावर नांगर अजिबात नको. मोकळी झालेली माती पहिल्याच पावसात खाचरात येईल.

पाचोळ्यातले मेणचट पदार्थ आचेने वाफ होऊन खाली जातात आणि थंड मातीच्या कणांवर थिजतात. साधारण १७५ ते २०० अंश तापलं की हा थर तयार होतो. गवताची आग झटकन सरते, जमीन तेवढी तापत नाही. निलगिरीखाली तर न जळताही कोरडी माती पाणी नाकारते. वरचा अर्धा इंच भिजतो, खालचा थर पाणी घेत नाही, मग भिजलेली मातीच घसरते.

कायमचं नाही. संततधार लागून माती पुरती भिजली की हा गुण बराच ओसरतो. धोका पहिल्या चार-पाच सरींचा. तोवर भाताचा पेंढा पसरा, जळक्या फांद्या उताराला आडव्या, जमिनीला टेकवून ठेवा. ओघळात दगड रचा, वरून सुरुवात करून.

धागाकर्ती

खूप आभार दादा. पेंढा सात-आठ भारेच उरलाय, सगळीकडे पुरणार नाही. निलगिरीखाली पसरू की ओघळाच्या दोन्ही अंगांना?

उत्तर २

निलगिरीखालीच. पाणी तिथे थोपलं तर ओघळात कमी येईल. तरवा मात्र यंदा दुसऱ्या खाचरात टाका.