कॅम्डेन (न्यू जर्सी) मधल्या गुन्ह्यांचे आकडे कुठे मिळतील? मदत हवी आहे
मुलीला रटगर्स युनिव्हर्सिटीच्या कॅम्डेन कॅम्पसला ॲडमिशन मिळालीये आणि जो तो घाबरवतोय. २०१२ ला तिथे ६७ खून झाले होते, तेही सत्तरेक हजार वस्तीत, मग २०१३ मध्ये शहराचं पोलीस खातंच बंद करून काउंटीचे (म्हणजे जिल्ह्याचे) पोलीस आणले आणि २०१९ पर्यंत आकडा २५ वर आला, एवढं वाचलंय. एफबीआयची साइट पण बघितली पण २०२१ पासून त्यांची मोजायची पद्धतच बदलली, आधीचं नंतरच्याशी कसं जुळवायचं कळेना. युनिव्हर्सिटीच्या सेफ्टी रिपोर्टमध्ये फक्त कॅम्पस आणि लगतचे रस्ते असतात, ती तर बाहेर भाड्याने राहणार. रँकिंगवाल्या साइट प्लीज नकोत, एवढ्याशा शहरात चार घटना इकडेतिकडे झाल्या की नंबर उड्या मारतो. तर लूटमार आणि गोळीबाराचे गेल्या काही वर्षांचे आकडे एरियाप्रमाणे नक्की कुठे मिळतील?