मदत हवी आहे: पायाचे आपले वऱ्हाडी शब्द

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. परवा आजीला तालुक्याला दवाखान्यात नेलं. ती म्हणाली, "टोंगया धरला बाप्पा, खाली बसताच येत नाई." बाहेरगावच्या नव्या डॉक्टरांना टोंगया म्हणजे गुडघा हे कळेना. आजीने लुगडं वर करून सुजलेला गुडघा दाखवला, तेव्हा कुठे तपासणी झाली. मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मी पायाचे शब्द वहीत उतरवते आहे. टोंगळा, आपल्या तोंडी टोंगया, कारण वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. डोळ्याचा डोया तसाच. चवडा, टाच, घोटा, पोटरी, नडगी हे शब्द कोशात मिळतात. पण तंगडीचं काय? आमच्याकडे "तंगडी तोडीन" ही धमकी, आणि कोंबडीची तंगडी म्हटलं की पोरं ताटावर धावतात.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडाऱ्याकडच्यांनी सांगा: घोट्याला आणि पोटरीला तुमच्याकडे काय म्हणतात? म्हाताऱ्या माणसांना विचारून, ते बोलतात तसंच लिहा. वही भरली की दवाखान्यात एक प्रत देणार आहे.