मिक्सरचं रेकॉर्डिंग की प्रेक्षकांतलं?

लाइव्ह कार्यक्रमांच्या रेकॉर्डिंगबद्दल काही जण म्हणतात, 'चाहत्यांनी गर्दीतून केलेली रेकॉर्डिंग्ज ऐकवत नाहीत, मिक्सरमधून (म्हणजे सगळे माइक जोडलेल्या साउंड बोर्डातून) थेट घेतलेलं असेल तरच द्या.' हे मत मोठ्या हॉलपुरतं ठीक. छोट्या पबात नेमकं उलटं होतं. तिथे ड्रम्सना माइक लावायची गरजच नसते, गिटारचा अँपही (आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) खोली भरून टाकतो. मिक्सरमधून जातो मुख्यतः गायकाचा आवाज. त्यामुळे तिथून घेतलेल्या ट्रॅकवर गायक कानात ओरडतोय आणि ड्रम्स शेजारच्या इमारतीत वाजतायत असं वाटतं! बँड एकत्र ऐकू येतो तो गर्दीतल्या रेकॉर्डरवरच. फक्त ऑटो गेन (रेकॉर्डरने आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणं) बंद हवा, नाहीतर प्रत्येक ठोक्याला बाकी आवाज दबतो. रेकॉर्डिंगची लेव्हल हाताने कमी ठेवायची आणि बारच्या काउंटरपासून लांब उभं राहायचं. तरी शेजारचा बेसूर गाणारच, त्याला इलाज नाही.

आणि बँडच्या स्वतःच्या गावातल्या गिगमध्ये (लाइव्ह कार्यक्रमात) ते बेसूर गाणंच तर ऐकायचं असतं. आर्क्टिक मंकीज हा इंग्लंडमधल्या शेफील्डचा रॉक बँड घ्या. १३ जून २००३ला शेफील्डच्या 'द ग्रेप्स' पबात त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. पुढे गिगमध्ये ते डेमो सीडी फुकट वाटायचे, चाहत्यांनी त्या नेटवर चढवल्या. पहिला अल्बम आला जानेवारी २००६मध्ये, पण पब्लिकला शब्द त्याच्या कितीतरी आधी पाठ होते. मिक्सरच्या ट्रॅकवर हे पब्लिक जेमतेम ऐकू येतं.

मूळ फाइल फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गाळणारा फॉरमॅट) असेल तर तीच चढवा. जास्त दाबलेल्या एमपीथ्रीमध्ये झांजांचा पार चुरा होतो.