बेंच प्रेस करणाऱ्या साथीदाराला आधार कसा द्यावा?

प्रश्न: माझा मित्र आता ८० किलोची बेंच प्रेस (बाकावर उताणे झोपून वजनाचा बार छातीवरून वर ढकलण्याचा व्यायाम) करू लागला आहे आणि मी त्याच्या डोक्यामागे उभा राहतो, परंतु बारला हात नेमका केव्हा लावावा?

उत्तर १: किती रेप्स (आवर्तने) मारायच्या आणि मदत कोणत्या शब्दाने मागायची, हे सेटपूर्वीच ठरवा. बार अडून खाली येऊ लागला, तर त्या शब्दाची वाट न पाहता तो दोन्ही हातांनी, अंगठ्यांचा वेढा देऊन पकडा आणि रॅकवर ठेवेपर्यंत सोडू नका.

उत्तर २: बार अडेपर्यंत मात्र त्याला उगाच स्पर्श करू नये, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर ३: स्क्वॉटला (खांद्यांवर बार घेऊन मारायच्या बैठका) मात्र बार ओढू नका, मागे उभे राहून, छातीखाली हात घालून साथीदारालाच वर उचला. सेफ्टी पिन (बार निसटल्यास अडवणारे रॅकचे आडवे दांडे) आधीच लावा.