हँक एरन म्हणजे नुसते होम रन नाहीत
अमेरिकन बेसबॉलपटू हँक एरन फक्त बॉल मैदानाबाहेर मारायचा (म्हणजे होम रन) म्हणून मोठा झाला असं काही जण म्हणतात, हे मला अजिबात पटत नाही. त्याचे ७५५ होम रन बाजूला काढले ना तरी ३०१६ हिट्स (बॉल मारून बाद न होता बेस गाठणं) उरतात राव, म्हणजे तरीही तीन हजारांच्या पुढेच! आणि एका सीझनमध्ये ५० होम रन त्याने कधीच मारले नाहीत, सगळ्यात जास्त ४७, ते पण १९७१ला, वय तेव्हा ३७. लहानपणी अलाबामातल्या मोबील शहरात तो उलट्या हातांनी बॅट धरायचा, उजवा बॅटर असून डावा हात वर, पण मनगटं काय जबरदस्त होती. ८ एप्रिल १९७४ला अटलांटात ७१५वा होम रन मारून आधीचा रेकॉर्डवाला गोरा खेळाडू बेब रूथ याला मागे टाकलं तेव्हा होम प्लेटवर (जिथे बॅटर उभा राहतो) आईने त्याला कशी घट्ट मिठी मारली तो व्हिडिओ बघाच, कारण त्याआधी किती महिने कृष्णवर्णीय माणूस रूथचा रेकॉर्ड मोडतोय म्हणून ठार मारायच्या धमक्यांची पत्रं येत होती आणि हा तरी मैदानात उतरतच होता. ती पत्रं त्याने फेकली नाहीत, जपून ठेवली.