कुटुंबासह अलास्का क्रूझ: बाल्कनीची केबिन घ्यावी की आतली?

मोजपट्टी

भारतातून आईवडील उन्हाळ्यात अमेरिकेत आले की त्यांना घेऊन अलास्काची सात रात्रींची क्रूझ करायची, हा बेत आता इथल्या अनेक मराठी घरांत होतो, आणि बेत ठरला की पहिला खल केबिनवरून होतो. आमच्या घरी तो सध्या चालू आहे. आजी-आजोबा, आम्ही दोघे आणि नऊ व चार वर्षांची दोन मुले असे आम्ही सहा जण आहोत. माझे मत असे आहे की कुटुंबाच्या सहलीत बाल्कनीवर होणारा खर्च चुकीच्या जागी होतो, आणि ज्यांचे मत वेगळे आहे त्यांनी ते इथे सविस्तर मांडावे, यासाठी हा धागा काढत आहे.

जहाजावरचे मुख्य भोजनगृह, नाट्यगृह, पोहण्याचा तलाव आणि मुलांचा क्लब सगळ्या प्रवाशांना सारखेच खुले असतात. बंदरांचे करही केबिन बघून बदलत नाहीत. फरक फक्त खोलीचा असतो, आणि तेवढ्या फरकासाठी भाडे अनेकदा दीडपट ते दुप्पट होते. एका बाल्कनीच्या केबिनमध्ये चार जण कोंबले, तर दोघांना पलंग, एकाला सोफा उलगडून आणि एकाला छतातून खाली येणाऱ्या, शिडीने चढायच्या फळीवर झोपावे लागते, आणि चौघांत एकच न्हाणीघर असते. तेवढ्याच पैशांत आतल्या, म्हणजे खिडकी नसलेल्या, दोन केबिन मिळत असतील, तर सकाळी आठला धक्क्यावर उतरायचे असताना दोन न्हाणीघरांची किंमत बाल्कनीपेक्षा कितीतरी अधिक वाटते.

दुसरा मुद्दा अलास्काचाच आहे. केचिकान, जुनो आणि स्कॅग्वे या बंदरांत दिवसाचा बराच वेळ आपण जहाजाबाहेर असतो. हिमनदीच्या दिवशी बाल्कनीतून जहाजाची एकच बाजू दिसते, तर उघड्या डेकवरून दोन्ही बाजू आणि समोरचेही दिसते. ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या खाडीत नॅशनल पार्कचे रेंजर होडीने येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगतात. मार्जरी हिमनदीचा कडा सुमारे दीड किलोमीटर रुंद आहे. त्याच्यासमोर जहाज थांबते आणि सावकाश वळते. हे सगळे आतल्या केबिनच्या प्रवाशालाही तितकेच मिळते.

किंबहुना केबिनपेक्षा जहाजाची निवड महत्त्वाची आहे. ग्लेशियर बेमध्ये एका दिवशी जास्तीत जास्त दोन क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो, त्यामुळे बाकीची जहाजे हबर्ड हिमनदीकडे किंवा एंडिकॉट आर्मसारख्या खाडीत जातात. परवाना असलेले जहाज थोडे महाग असेल, तर बाल्कनी सोडून ते घ्यावे. उरलेले पैसे स्कॅग्वेच्या व्हाइट पास रेल्वेवर खर्च करावेत. सोन्याच्या शोधात निघालेल्या लोकांसाठी सुरू झालेली आणि 1900 साली पूर्ण झालेली ही नॅरोगेज गाडी समुद्रसपाटीवरून निघून सुमारे 2,865 फुटांवरच्या खिंडीपर्यंत चढते. तो डोंगर कोणत्याही बाल्कनीतून दिसणार नाही.

आजीचीलेक

मोजपट्टी, तुमचा पैशांचा हिशेब बरोबर आहे, पण तो चाळिशीच्या माणसाने स्वतःच्या पायांवर विसंबून केलेला आहे, असे मला मनापासून वाटते. तुमच्या सहा जणांत दोघे आजी-आजोबा आहेत. उघड्या डेकवरून दोन्ही बाजू दिसतात हे खरे. मात्र त्या डेकवर पोचायचे कसे, उभे किती वेळ राहायचे आणि परत कसे यायचे, हे तुमच्या हिशेबात आलेले नाही. हिमनदीच्या दिवशी हजारो प्रवासी एकाच वेळी वर जायला निघतात, लिफ्टसमोर रांगा लागतात, कठड्याजवळची जागा आधीच भरलेली असते, आणि बर्फावरून येणारा वारा भर जुलैतही कानटोपी काढू देत नाही. गुडघे दुखणाऱ्या आणि मधुमेहामुळे तासातासाने न्हाणीघर गाठावे लागणाऱ्या माणसाला अशा गर्दीत उभे करून ‘बघा, सगळ्यांना सारखेच दिसते’ असे म्हणणे योग्य नाही.

माझे वडील आमच्या जहाजाच्या बाल्कनीत शाल पांघरून खुर्चीवर बसले होते. हिमकडा कोसळताना आधी तुकडा सुटलेला दिसतो आणि गडगडाट क्षणभर उशिरा पोचतो. त्यांनी तो शांतपणे पुन्हा पुन्हा ऐकला, मध्ये आत जाऊन गोळी घेतली, पडले आणि पुन्हा बाहेर आले. ध्वनिक्षेपकाच्या आणि गर्दीच्या आवाजात त्यांना हे मिळाले नसते.

एकाच बाजूचे दृश्य दिसते हा तुमचा आक्षेप इनसाइड पॅसेजला, म्हणजे बेटांमधून जाणाऱ्या जलमार्गाला, फारसा लागू पडत नाही, कारण तिथे बहुतेक वेळ दोन्ही बाजूंना बेटे, देवदारासारखी उंच झाडे आणि धबधबे तासन्‌तास सरकत असतात, आणि हिमनदीसमोर जहाज वळते हे तर तुम्हीच लिहिले आहे.

सर्वांत मोठा मुद्दा पहाटेचा आहे. जूनमध्ये जुनोजवळ पहाटे चारच्या सुमारास सूर्य उगवतो आणि रात्री दहाच्या सुमारास मावळतो. भारतातून नुकत्याच आलेल्या माणसांची झोप तीन-चार वाजता उघडते. आतल्या केबिनमध्ये दिवा मालवला की हात पुढे केला तरी दिसत नाही. दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून ही माणसे त्या काळोखात गप्प पडून राहतात आणि सकाळ झाली की नाही हे घड्याळाला विचारतात. बाल्कनी असेल तर तेच तीन तास त्यांच्या सहलीतले सर्वांत चांगले तास ठरतात. व्हाइट पासची गाडी सुंदर आहे, पण ती काही तासांची आहे. खोली सात दिवसांची आहे.

दीपमाळ

इथे चार वर्षांच्या मुलाचा उल्लेख झाला आणि कोणी त्यावर बोलले नाही, म्हणून लिहीत आहे. माझा बाल्कनीला विरोध खर्चासाठी नसून लहान मुलासाठी आहे. अमेरिकेच्या 2010 च्या क्रूझ सुरक्षा कायद्यानुसार कठड्याची उंची किमान 42 इंच, म्हणजे सुमारे 107 सेंटिमीटर असावी लागते. कठडा स्वतःहून धोकादायक नाही. धोका बाल्कनीत ठेवलेल्या खुर्चीचा आणि टेबलाचा आहे, कारण चार वर्षांचे मूल ती कठड्याजवळ ओढून त्यावर चढू शकते. दाराची कडी बहुधा उंचावर असते, तरीही दार उघडायचे प्रत्येक वेळी एका मोठ्या माणसाने मुलावर लक्ष ठेवायचे, म्हणजे विसाव्याची जागा पहाऱ्याची जागा होते. आजी-आजोबांच्या भरवशावर मूल सोपवून आईवडील जेवायला गेले, तर तो पहारा सत्तरीच्या माणसांवर पडतो, आणि तो त्यांच्यावर टाकणे मला पटत नाही. बाल्कनी घेणारच असाल तर खुर्च्या आणि टेबल काढून आत ठेवायला केबिनच्या सेवकाला पहिल्याच दिवशी सांगावे.

नारळीपौर्णिमा

दीपमाळ, तुमच्या सूचनेशी पूर्ण सहमत आहे, निष्कर्षाशी नाही. लहान मूल दुपारी दोन तास झोपते, आणि ते एकटे सोडता येत नसल्यामुळे एक जण खोलीतच अडकतो. आतल्या केबिनमध्ये त्या माणसाने दिवा लावायचा नाही, बोलायचे नाही आणि बाहेर काय चालले आहे हे पाहायचे नाही. बाल्कनी असेल तर काचेपलीकडे बसून मूल डोळ्यांसमोर राहते आणि समुद्रही. मूल झोपलेले असताना खुर्ची बाहेर, जागे असताना दार बंद, एवढा एक नियम घरातल्या सर्वांनी पाळायचा.

शेजारच्या बाल्कनीतून सिगारेटचा धूर येतो अशी भीती अनेकांना असते, तिच्याविषयीही लिहिते. मार्च 2006 मध्ये स्टार प्रिन्सेस या जहाजाला जमैकाकडे जाताना बाल्कन्यांच्या ओळीत आग लागली; न विझलेली सिगारेट हे तिचे संभाव्य कारण ठरले आणि एका प्रवाशाचा मृत्यू झाला. त्यानंतर बाल्कनीतील सामान आणि दोन बाल्कन्यांमधल्या पडद्या कशाच्या असाव्यात व तिथे आग ओळखण्याची व विझवण्याची सोय कशी असावी याचे आंतरराष्ट्रीय नियम 2008 पासून कडक झाले. बहुतेक कंपन्यांनी आज बाल्कनीत धूम्रपानाला बंदी घातली आहे.

मांडवीकर

तुम्ही सगळे दोन टोकांवर बोलत आहात, आणि मधली खिडकीची केबिन कोणी विचारातच घेतलेली नाही. आजीचीलेक यांना हवा असलेला पहाटेचा उजेड तिथे मिळतो, दीपमाळ यांना नको असलेला कठडा तिथे नसतो, कारण ती खिडकी उघडत नाही, आणि भाडे बाल्कनीपेक्षा सहसा कमी असते. शिवाय अशा केबिन बऱ्याचदा खालच्या मजल्यांवर असतात. ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची जागा सर्वांत स्थिर असते. वरच्या मजल्यावरच्या, टोकाच्या बाल्कनीत डोलणे जास्त जाणवते. सिएटलहून निघणारी जहाजे बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, उघड्या पॅसिफिकमधून जातात, तर व्हँकुव्हरहून निघणारी बेटाच्या आतल्या शांत पाण्यातून जातात. त्यामुळे सिएटलहून जाणाऱ्यांनी मजल्याचा विचार बाल्कनीच्या आधी करावा.

मी रत्नागिरीचा आहे. आमच्या घरातली वडीलधारी माणसे कोकण बोटीने भाऊच्या धक्क्याला जात, तेव्हा डेकवर सतरंजी टाकून रात्र काढत आणि जयगड, दाभोळ, हर्णै ही बंदरे जागेपणी पाहत. समुद्र बघण्यासाठी खाजगी जागा लागते, असे त्यांच्यापैकी कोणाला वाटले नसेल. आजही मुंबईहून गोव्याला क्रूझने जाणाऱ्यांनी बाल्कनीसाठी जादा पैसे देऊ नयेत असे मी सांगतो, कारण प्रवासाचा मोठा भाग रात्रीचा असतो, किनारा लांब असतो आणि काळोखात दिसण्यासारखे फारसे नसते. त्या मार्गावर धावलेले एम्प्रेस हे कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचे जहाज 1990 सालचे असल्यामुळे त्याच्यावर बाल्कनीच्या केबिन मुळातच थोड्या आहेत. अलास्काचे तसे नाही, कारण तिथे उन्हाळ्यात अंधार थोडा आणि किनारा जवळ असतो. म्हणूनच खिडकी नसलेली केबिन तिथे घ्यावी हे मोजपट्टी यांचे म्हणणे मला मान्य नाही.

मोजपट्टी

आजीचीलेक यांनी लिफ्टच्या रांगेचा आणि पहाटेचा जो मुद्दा मांडला त्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि तो मी स्वीकारतो. मांडवीकरांच्या खिडकीने मात्र माझी अडचण सुटत नाही: हिमकडा कोसळल्याचा आवाज बंद काचेतून पुरेसा येत नाही आणि बाहेरची हवा लागत नाही, मग पैसे वाढवून अर्धेच का घ्यावे?

दोन न्हाणीघरांवर मी अजून ठाम आहे. तेव्हा असे सुचते की एक बाल्कनीची आणि तिच्याच समोर, बोळाच्या पलीकडे, एक आतली अशा दोन केबिन घ्याव्यात. अनेक जहाजांवर अशा समोरासमोरच्या खोल्या मिळतात, आणि बाल्कनी दिवसभर सगळ्यांची राहते. प्रत्येक केबिनमध्ये एक तरी प्रौढ नोंदवावा लागतो, पण आम्ही चौघे मोठे आहोत, त्यामुळे ती अट आड येत नाही.

दीपमाळ

या व्यवस्थेत मुले आतल्या खोलीत झोपतील, हे मला चालेल. गडद काळोखामुळे रात्री दहाच्या उजेडातही मूल वेळेवर झोपते. टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या भागातल्या कॅमेऱ्याची वाहिनी असेल तर ती आवाज बंद करून रात्रभर चालू ठेवावी, म्हणजे मंद उजेड राहतो आणि मूल दचकत नाही.

आजीचीलेक

समोरासमोरच्या खोल्या मला मान्य आहेत, मात्र एक गोष्ट आत्ताच ठरवावी लागेल. अशा व्यवस्थेत बाल्कनीची खोली पैसे भरणाऱ्या जोडप्याकडे जाते आणि आजी-आजोबा मुलांना सोबत म्हणून आतल्या खोलीत झोपतात, हे मी ओळखीच्या घरांत पाहिले आहे. ‘दिवसभर बाल्कनी सगळ्यांची’ असे म्हटले तरी पहाटे चार वाजता आई सुनेच्या खोलीचे दार वाजवत नाही. ती काळोखातच पडून राहते. म्हणून मुले आईवडिलांबरोबर आतल्या खोलीत, आणि बाल्कनीतले पलंग आजी-आजोबांचे, असे नाव घालतानाच ठरवावे. चार जण एका आतल्या खोलीत अडचणीत झोपतील हे खरे, पण शिडी चढणारी मुले नऊ आणि चार वर्षांची आहेत, त्यातही वरची फळी नऊ वर्षांच्या मुलाला द्यावी.

खोलीचा क्रमांक निवडताना नकाशा दोनदा पाहावा. बाल्कनीच्या खाली जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतील तर खाली पाणी दिसत नाही, आणि वर पोहण्याच्या तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. वरखाली दोन्हीकडे केबिनच असतील अशी, जहाजाच्या मध्याजवळची खोली मिळते का पाहावे. ती मिळाली तर लिफ्टही जवळ पडते.

मोजपट्टी

मुलांना आमच्या खोलीत घ्यायला माझी हरकत नाही. आज घरी याच वाटणीने विचारतो. आई बहुधा ‘तुम्हीच घ्या बाल्कनी’ म्हणेल, तेव्हा तिला न विचारता तिच्या नावावर ती खोली घालणे मला बरे वाटते.